टेलपर्यंत पोचणारं इंटरनेट

नांदेडजवळ विष्णुपुरीला गोदावरीवर शंकर सागर जलाशय आहे. नांदेड शहर त्याचं पाणी पितं आणि त्यातूनच उपसा करून लोहा-कंधारकडची शेतं भिजवायची असतात. पाऊस कमी झाला की पाणी कोणाला किती आणि कोणाला आधी, यावर बैठका सुरू होतात. कालवा सल्लागार समिती बसते, पिण्यासाठी किती राखायचं आणि आवर्तनं किती सोडायची हे ठरतं, दुसऱ्या दिवशी ते पेपरात येतं. लोक भांडतात, मोर्चे काढतात. पण क्रम काय लागला आहे, हे सगळ्यांना माहीत असतं.

त्याच विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, १९८१ पासूनची श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे. तिकडे लातुरात महाविद्यालयं, शिकवण्या आणि वसतिगृहं यांची दाटी आहे. या दोन्ही जिल्ह्यांत रोज हजारो मुलं, कारकून आणि प्राध्यापक इंटरनेटच्या मोजक्या धारेवर एकाच वेळी तहान भागवतात. त्या धारेचं वाटप मात्र कुठल्याच बैठकीत ठरत नाही. बहुतेक ठिकाणी ते ठरतच नाही. ज्याचं यंत्र जास्त आधाशी, त्याला जास्त मिळतं. हे पुस्तक त्या वाटपाविषयी आहे.

मी या विषयाकडे वळलो तो एका परीक्षा अर्जामुळे. लातूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. लॅबमध्ये चाळीस मुलं आणि दाराबाहेर तितकीच. पैसे कापले जायचे, पावती उघडायची नाही. "सर, नेट चालंना झालंय," एवढंच ऐकू येत होतं. लाइनचा वेग दुप्पट करायचा, असं तिथल्या तिथे ठरलं. महिन्याभरात तो दुप्पट झाला, बिलही वाढलं, आणि पुढच्या सत्रात शेवटच्या दिवशी तीच रांग आणि तेच वाक्य. तेव्हा मी पहिल्यांदा फायरवॉलवरचा आलेख नीट बघितला. डाउनलोडची बाजू अर्धीही भरली नव्हती. अपलोडची बाजू काठोकाठ होती. वसतिगृहातले मोबाइल आपापले फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढवत होते, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंगही बाहेरच्या सर्व्हरवर जात होतं. आपल्याकडे आलेल्या मालाची पोच पलीकडे पाठवावी लागते. ती पोच तुंबलेल्या अपलोडमध्ये अडकली की पलीकडचा सर्व्हर हात आखडता घेतो. म्हणजे जाणाऱ्या वाटेवरची कोंडी येणारी वाट कोरडी पाडत होती, आणि आम्ही पैसे मोजले होते ते डाउनलोडच्या वेगासाठी.

त्या रात्री अपलोडच्या रांगेत लॅबची पॅकेटं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, आणि पोचपावत्या पुढे घेतल्या, फोटो आणि रेकॉर्डिंग मागे ठेवलं. नियम पाच-सहा ओळींचे होते. मुदत वाढून मिळाली होती, दुसऱ्या दिवशी अर्ज भरले गेले. वसतिगृहातल्या कोणाचाही फोटो अडला नाही. तो संध्याकाळच्या ऐवजी रात्री चढला, इतकंच.

फायरवॉल म्हटलं की आपल्याकडे बंद करणारं यंत्र डोळ्यांसमोर येतं. फेसबुक बंद, यूट्यूब बंद, सिनेमे बंद. पण संस्थेतून बाहेर जाणारं आणि आत येणारं प्रत्येक पॅकेट त्याच दारातून जात असल्यामुळे कोण आधी आणि कोण नंतर हे ठरवायची जागाही तीच असते. अडवणं आणि क्रम लावणं ही दोन वेगळी कामं आहेत. मराठवाड्यातल्या संस्थांनी पहिल्या कामावर फार वेळ घालवला आणि दुसरं जवळजवळ सोडून दिलं, असं माझं स्पष्ट मत आहे. यूट्यूब बंद केल्यावर गणिताचं व्याख्यान बघणारं मूलही उपाशी राहतं. यूट्यूबला रांगेत मागे ठेवलं तर लॅब रिकामी असताना ते व्याख्यान सुरळीत चालतं आणि अर्जांच्या गर्दीत आपोआप बाजूला सरकतं.

नवख्या वाचकासाठी यातलं एक गणित इथेच मांडतो, कारण सगळा विषय त्याच्यावर उभा आहे. एक मोठं पॅकेट साधारण १५०० बाइटचं, म्हणजे १२,००० बिटांचं असतं. १० एमबीपीएसच्या लाइनवर ते पुढे जायला १.२ मिलिसेकंद लागतात. राउटरच्या स्मृतीत अशी १००० पॅकेटं वाट बघत उभी असतील, तर शेवटी आलेल्या पॅकेटाला सव्वा सेकंदाच्या आसपास थांबावं लागेल. बोलण्याचा आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. इथे नुसत्या एका रांगेतच त्याच्या आठपट वेळ जातो. लाइनचा वेग तोच, बिल तेच, वेगचाचणीचा आकडाही चांगला येतो, आणि तरी पडद्यावर चक्र गोल गोल फिरत राहतं. आपण ज्याला "नेट स्लो" म्हणतो ते पुष्कळदा लांबलेली रांग असते.

रांगेत पैसे किंवा निकड पाहून पुढे जाऊ देण्याची कल्पना इंटरनेटच्या आधीची आहे. ट्रंक कॉलचा काळ पाहिलेल्यांना ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग हे तीन दर आठवत असतील. इंटरनेटच्या मूळ आराखड्यातही ही सोय होती. १९८१ च्या आरएफसी ७९१ या दस्तऐवजात प्रत्येक पॅकेटच्या कपाळावर त्याचं महत्त्व लिहायला जागा ठेवली होती. ती बरीच वर्षं जवळजवळ कोरीच राहिली. मग ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग ३२ हजार बिटांवरून सेकंदाला ४० बिटांवर कोसळला. दोन ठिकाणांत अंतर होतं अवघं ४०० यार्ड. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर उपाय शोधला: वाट तुंबल्याचं दिसलं की पाठवणाऱ्यानेच वेग कमी करायचा. १९८८ मध्ये त्यांनी तो मांडला आणि आजचं इंटरनेट अजूनही त्याच शिस्तीच्या वंशावर चालतं. पण ही शिस्त स्वेच्छेची आहे. एक संगणक एका जोडणीने मागतो, दुसरा तीस जोडण्या उघडून मागतो, आणि वाटा जोडणीगणिक पडत असेल तर दुसऱ्याला तीसपट मिळतं. त्यामुळे मधल्या दारावर कोणीतरी पाटकरी, म्हणजे पाणी वाटून देणारा माणूस, हवाच.

पाटकऱ्याने काय करावं यावर पुढे तट पडले. पहिल्या तटाने आरक्षण मागितलं. बोलणं सुरू होण्यापूर्वीच संपूर्ण वाटेवर जागा राखून ठेवायची, रेल्वेच्या तिकिटासारखी. १९९४ पासून त्याचे आराखडे निघाले. कागदावर ते सुंदर होते, पण जगभरच्या प्रत्येक राउटरला प्रत्येक संभाषणाची नोंद ठेवायला लावणारे होते, त्यामुळे मोठ्या प्रमाणावर ते रुजले नाहीत. दुसरा तट डिसेंबर १९९८ मध्ये आला. प्रत्येक संभाषण लक्षात ठेवू नका, पॅकेटांचे मोजके वर्ग करा, वर्गाचा क्रमांक पॅकेटवर लिहा आणि वाटेतल्या राउटरने तेवढाच वाचावा, असं त्याचं म्हणणं. सहा बिटांत ६४ क्रमांक बसतात. आवाजासाठी ४६ हा क्रमांक आजही जगभर वापरतात. ही पद्धत एका संस्थेच्या आवारात उत्तम चालते. आवाराबाहेर पडली की तिची किंमत राहत नाही, कारण क्रमांक कोणीही लिहू शकतो. सगळ्यांनीच गाडीवर लाल दिवा लावला तर वाट कोणी कोणाला द्यायची?

तिसऱ्या तटाबद्दल मला थोडं जास्त लिहायचं आहे, कारण आपल्या भागासाठी तोच सर्वांत मोलाचा आहे असं मला वाटतं. त्याची सुरुवात जॉन नेगल यांच्या १९८५ च्या एका टिपणातून झाली. त्यांनी सांगितलं की एकच लांब रांग ठेवू नका. प्रत्येकाची वेगळी छोटी रांग करा आणि दरेकीतून एकेक पॅकेट पुढे सोडा. १९८९ मध्ये डेमर्स, श्रीनिवासन केशव आणि शेंकर यांनी या कल्पनेला पक्कं गणित दिलं. आधाशी माणसाची रांग लांबते, पण ती त्याची त्यालाच लांबते. शेजाऱ्याला त्रास होत नाही. बरीच वर्षं हे महागडं मानलं गेलं. २०१०-११ च्या सुमारास जिम गेटिस यांना घरी काम करताना दिसलं की स्मृती स्वस्त झाल्यामुळे यंत्रं बनवणाऱ्यांनी राउटरमध्ये अवाढव्य रांगा करून ठेवल्या आहेत आणि सगळं जग विनाकारण थांबलं आहे. या दुखण्याला बफरब्लोट हे नाव पडलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी कोडेल ही पद्धत दिली. रांगेत किती पॅकेटं आहेत हे ती मोजत नाही, पॅकेट किती वेळ थांबलं हे मोजते, आणि पाच मिलिसेकंदांहून जास्त थांबणं चालूच राहिलं की एखादं पॅकेट टाकून देऊन पाठवणाऱ्याला सावध करते. नेगल यांच्या वेगळ्या रांगा आणि कोडेलचं घड्याळ एकत्र करून जे तयार झालं, ते आज फुकट मिळणाऱ्या लिनक्समध्ये आणि पीएफसेन्ससारख्या फायरवॉलमध्ये बसलेलं आहे. २०१८ पासून लिनक्सच्या गाभ्यात केक नावाची त्याहून सोयीची पद्धतही आली. तिला सांगितलं तर ती जोडण्या न मोजता माणसं, म्हणजे यंत्रं, मोजते. तीस जोडण्या उघडणाऱ्यालाही एकच वाटा.

चौथा तट म्हणतो, एवढी उठाठेव कशाला, लाइन मोठी घ्या. या म्हणण्यात तथ्य आहे. २०१० मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ज्ञान जाळ्यामुळे विद्यापीठांच्या दारात गिगाबिटच्या वाटा आल्या. महाविद्यालयांना मात्र त्याच काळात बीएसएनएलमार्फत ५१२ केबीपीएसच्या जोडण्या मिळत होत्या. आता फायबर बऱ्याच ठिकाणी पोचलं आहे. पण लातूरकरांना वेगळा अनुभव आहे. मांजरा धरण आटल्यावर १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातुरात आली, दहा वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी घेऊन. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. पाणी आलं म्हणून टँकर कोणत्या गल्लीत आधी जाईल हा प्रश्न सुटला नव्हता. त्याआधीच टाक्यांभोवती जमावबंदीचं कलम १४४ लावावं लागलं होतं. आवक वाढवणं आणि वाटप लावणं, दोन्ही करावं लागतं. लाइन मोठी घेण्याच्या विरोधात मी नाही. आधी रांग लावा, मग मोजा, मग गरज दिसली तर लाइन घ्या, एवढाच माझा आग्रह आहे.

फायरवॉल विकणाऱ्यांनी यात एक निराळी वाट काढली. पॅकेट कोणत्या सेवेचं आहे हे त्याच्या आत डोकावून ओळखायचं आणि त्यावर क्रम लावायचा. २००७ नंतर ही पद्धत जगभर पसरली. आपल्याकडच्या महाविद्यालयांत ती अहमदाबादच्या सायबरोममुळे पोचली, जी पुढे २०१४ मध्ये सोफॉसने घेतली. पुण्याच्या क्विक हीलनेही सेक्राइट नावाने संस्थांसाठी अशी उपकरणं काढली. काही वर्षं हे छान चाललं. मग वेब कुलूपबंद झालं. २०१५ पासून प्रमाणपत्रं फुकट मिळू लागली आणि बहुतेक संकेतस्थळं एचटीटीपीएसवर गेली. २०२१ मध्ये क्विक (QUIC) हा नवा प्रोटोकॉल प्रमाणित झाल्यावर जोडणीच्या बारीकसारीक खुणाही झाकल्या गेल्या. आता अभ्यासाचा व्हिडिओ आणि सिनेमा बाहेरून सारखेच दिसतात. यावर उपाय म्हणून प्रत्येक संगणकात संस्थेचं प्रमाणपत्र घालून सगळी रहदारी उघडून वाचायचा सल्ला दिला जातो. नुसता क्रम लावण्यासाठी हे करू नये. मुलांच्या बँकेचे आणि दवाखान्याचे व्यवहार त्याच वाटेने जातात, आणि वेगासाठी ते उघडून बघण्याचा अधिकार कोणत्याही लॅबला नाही. क्रम लावायला पॅकेट कुठून आलं एवढं कळलं तरी पुष्कळ झालं. परीक्षेची लॅब, कार्यालय, वर्गखोल्या, वसतिगृह, कॅमेरे असे विभाग आपल्याच स्विचवर वेगळे केले की फायरवॉलला आत डोकवावं लागत नाही.

इथे एक शंका हमखास निघते. इंटरनेटवर सगळ्यांना समान वागणूक हवी ना, मग हा भेदभाव नाही का? ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक ट्रायने वेगवेगळ्या मजकुराला वेगवेगळे दर लावायला बंदी केली आणि २०१८ मध्ये केंद्राने नेट समानतेची तत्त्वं मान्य केली. ती योग्यच आहेत, आणि ती सेवा विकणाऱ्या कंपन्यांसाठी आहेत. ग्राहकाने काय आधी बघावं हे विकणाऱ्याने ठरवायचं नाही. ग्राहकाने, म्हणजे इथे संस्थेने, आपल्या घरात क्रम लावायला हरकत नाही. मात्र जे तत्त्व आपण कंपनीला लावतो त्यातला उघडपणा स्वतःलाही लावावा. पाण्याचंच उदाहरण घ्या. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता. २०११ मध्ये शेती उद्योगाच्या पुढे आली. तो क्रम लिहिलेला होता, म्हणूनच त्यावर वाद घालता आला आणि तो बदलता आला. फायरवॉलमधला क्रम एकाच माणसाच्या पासवर्डमागे लपलेला असतो. तो माणूस बदली होऊन गेला की क्रम का लावला होता हे सांगायला कोणी उरत नाही.

हा विषय आत्ताच का? लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य असलेले डॉ. जनार्दन वाघमारे १९९४ मध्ये नांदेडच्या नव्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्यांच्या महाविद्यालयातून पुढे आलेला लातूर पॅटर्न, म्हणजे परीक्षेच्या कसून तयारीची पद्धत, ज्या काळात घडला, त्या काळात मुलाला लागत होतं ते वही, सराव आणि शिकवणारा माणूस. आज त्याच मुलाची एमएचटी-सीईटी संगणकावर होते, प्रवेशाचे पसंतीक्रम संगणकावर भरले जातात, शिष्यवृत्ती महाडीबीटीवर मागावी लागते. स्वतःचा डेटा पॅक असलेलं मूल नेट अडलं की लॅब सोडून व्हरांड्यात जातं आणि मोबाइलवर काम संपवतं. ज्याच्याकडे तो नाही, ते मूल तिथेच बसून राहतं. कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला आपण टेलचा शेतकरी म्हणतो. वरच्यांनी जास्त ओढलं की त्याच्याकडे पाणी येत नाही. लॅबमध्ये बसून राहिलेलं ते मूल इंटरनेटच्या टेलला आहे. त्याच्यापर्यंत धार पोचते की नाही, ही माझ्या लेखी या सगळ्या तंत्राची एकमेव कसोटी आहे.

या पुस्तकाने काय करायचं ठरवलं आहे आणि काय नाही, तेही सांगून टाकतो. हे कोणत्याही एका कंपनीच्या उपकरणाचं मार्गदर्शन नाही. बटणांची नावं दर वर्षी बदलतात. रांग कशी तयार होते, ती कुठे मोजायची, आणि ती आपल्या ताब्यात कशी आणायची, यावर भर आहे. शेवटचा मुद्दा नवख्यांना चकवतो. येणारी धार पलीकडच्या गेटमधून सुटते आणि त्या गेटची किल्ली आपल्याकडे नसते. म्हणून आपल्या फायरवॉलला घेतलेल्या वेगापेक्षा थोडा कमी, साधारण ९० ते ९५ टक्के वेग सांगावा लागतो, म्हणजे रांग सेवा पुरवणाऱ्याच्या यंत्रात न लागता आपल्या दारात लागते. थोडा वेग सोडून दिल्याशिवाय ताबा मिळत नाही. हे पटायला मला स्वतःला बरेच महिने लागले, त्यामुळे पुस्तकात त्यावर पुष्कळ पानं खर्च झाली आहेत.

सर्वांत पुढच्या वर्गाला मर्यादा घालण्याचा विषयही वारंवार येईल. परीक्षेच्या लॅबला अग्रक्रम दिला आणि तिथल्याच एखाद्या संगणकाने विंडोजचं मोठं अपडेट ओढायला घेतलं, तर अग्रक्रमाच्या जोरावर तो बाकी सगळ्यांना उपाशी ठेवतो. पिण्याच्या पाण्याचं आरक्षणसुद्धा आकड्यात असतं.

आणि फायरवॉलच्या हातात नसलेल्या गोष्टींची जबाबदारी हे पुस्तक त्याच्यावर टाकत नाही. सेतू केंद्रात "सर्व्हर डाउन आहे" असं सांगतात तेव्हा ते पुष्कळदा खरं असतं. २०२३ मध्ये एक रुपयात पीक विमा आला, तेव्हा शेवटच्या दिवसांत राज्यभर झुंबड उडाली आणि मुदत ३१ जुलैवरून ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. पलीकडचं दारच अपुरं असेल तर आपल्या दारातल्या शिस्तीने काही होत नाही. तसंच एका वायफायवर साठ मोबाइल लटकले असतील तर कोंडी फायरवॉलपर्यंत येण्याआधीच झालेली असते. वायफाय, लाइन आणि पलीकडचा सर्व्हर, या तिन्हींपैकी आजार कुठे आहे हे ओळखता येणं, हा अर्धा इलाज आहे.

हे पुस्तक लॅब असिस्टंट, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, नगरपालिकेत आणि तहसिलीत संगणक सांभाळणारे तरुण यांच्यासाठी लिहिलं आहे. यातल्या बहुतेकांना नेटवर्कचं औपचारिक शिक्षण मिळालेलं नाही आणि दोष मात्र दर वेळी त्यांच्याच माथी येतो. त्यांच्या वरिष्ठांनी निदान क्रमाविषयीचं प्रकरण वाचावं अशी माझी विनंती आहे, कारण क्रम ठरवणं हे असिस्टंटचं काम नाही. ते प्राचार्यांनी, कार्यालयाने आणि विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून करायचं आहे. ठरलेला क्रम सूचना फलकावर लावायचा आहे.

पहिलं प्रकरण उघडण्यापूर्वी वाचकाने एक काम करावं. अकरा-बाराच्या गर्दीत लॅबच्या एका संगणकावरून बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला पिंग चालू ठेवावं आणि येणारा वेळ लिहून घ्यावा. मग शेजारच्या संगणकावरून एक मोठी फाइल अपलोडला लावावी आणि पुन्हा तोच वेळ लिहावा. पहिला आकडा ३० आणि दुसरा ८०० आला, तर लाइन वाढवण्याचा अर्ज आजच पाठवू नका.